रोजनिशीवरची जनी

१

पनवेलात एके काळी देवीची साथ येऊन गेली होती, हे कमळाकरच्या दुकानातले फोटो पाहून कुणाला खरं वाटलं नसतं. माणूस वण, मस, वांग, मुरमं असं सगळं घेऊन दुकानात शिरायचा आणि चार दिवसांनी कागदावर तुळतुळीत होऊन घरी जायचा. काशिराम शेठ गिरणीवाल्यांच्या नाकावर चण्याएवढा मस होता. तो त्यांच्या घरच्या आरशाला माहीत होता, पण दिवाणखान्यातल्या फोटोला नव्हता.

यात जादू काही नव्हती, हाताचं वळण होतं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. माणसाच्या गालावरचा काळा डाग तिथे काचेच्या छिद्रासारखा स्वच्छ दिसतो. तेवढं छिद्र टोकदार शिसपेन्सिलीने हलके हलके भरून टाकलं की कागदावर डाग उमटत नाही. रोज सकाळी दहा ते बारा खिडकीशी बसून कमळाकर हेच करायचा. डोळ्याला भिंग, हातात पेन्सिल, तोंडात सुपारी. अठरा वर्षांत त्याच्या हाताला अशी सवय लागली होती की मन कुठेही भटकत असलं तरी पेन्सिल बरोबर डागावर जाऊन बसायची.

पण त्याचा जीव या कामात नव्हता. ताठ बसलेली, श्वास कोंडलेली माणसं काढून काढून तो कंटाळला होता. त्याला माणूस आपल्याच नादात असताना टिपायला आवडे, आणि असे फोटो कोण विकत घेणार? म्हणून ते तो फुकटात काढायचा, आपल्या मुलीचे.

जनी चार वर्षांची होती. कॅमेरा बापाच्या गळ्यात जन्मापासून पाहिलेला, त्यामुळे तिला त्याचं काडीइतकं कौतुक नव्हतं. ती बशीतल्या चहावर फुंकर मारायची, शेजारच्यांच्या शेळीमागे धावायची, भिंतीवरच्या मुंग्या मोजायची, चिंच सोलायची, बापाच्या चपलांत पाय घालून उंबऱ्यात उभी राहायची, आणि कमळाकर टिपत राहायचा. एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कमळाकरला याचाच मोठा अभिमान होता.

आणि प्रत्येक फोटोत तिच्या डाव्या गालावर तीट होती. भामा, म्हणजे जनीची आई, तुपाच्या दिव्यावर काजळ धरायची आणि रोज सकाळी वेणी घातली की अंगठीच्या बोटाने पोरीच्या गालाला एक टिकली लावायची. दृष्ट लागू नये म्हणून सगळ्याच आया लावतात, तशीच.

२

सत्तावन्न सालच्या दिवाळीत काशिराम शेठांच्या डोक्यात आलं की दरवर्षी गिऱ्हाइकांना लक्ष्मीची कॅलेंडरं वाटायची म्हणजे एकेका भिंतीवर सात सात लक्ष्म्या होतात. यंदा आपण रोजनिशी वाटायची. दीडशे प्रती, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घरोघर पोचल्या पाहिजेत.

बांधणीचं काम महमूदकडे आलं. महमूद हा कमळाकरचा शाळेपासूनचा दोस्त. मशिदीजवळ त्याचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं आणि त्याच्या हातची वही दहा वर्षं सुटत नाही असं लोक म्हणत. पुठ्ठ्यावर काय छापावं यावर शेठ आणि महमूद डोकं खाजवत बसले असताना कमळाकर तिथे टेकला आणि महमूदने त्याच्याच खिशातून जनीचा फोटो ओढून काढला. छापायचं कशाला, खरा फोटोच डकवू, असं तो म्हणाला. शेठनी तो फोटो दोन मिनिटं पाहिला आणि त्यांच्या मसासकट सगळं तोंड हसलं.

पाच फोटो निवडले. प्रत्येकाच्या तीस प्रती. कमळाकर आठवडाभर हवेत तरंगत होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनाजोगं काम लोकांपुढे जाणार होतं. पाचही निगेटिव्ह त्याने खिडकीशी बसून नीट साफ केले, धुळीचे कण, ओरखडे सगळं भरलं, आणि प्रिंटा वाळत घातल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हाताने आपलं वळण सोडलेलं नाही. पाचही फोटोंतली तीट गेली होती.

हे पाहून तो स्वतःशीच हसला. मग त्याने फोटो जरा लांब धरून पाहिला आणि त्याला वाटलं, बरंच झालं की. कसा स्वच्छ दिसतोय चेहरा.

भामाला त्याने फोटो दाखवले तेव्हा ती आधी खूश झाली, आणि मग एकेक फोटो पुन्हा उचलून बघू लागली.

"तीट कुठे गेली?" तिने विचारलं.

कमळाकर म्हणाला की कागदाला कसली दृष्ट लागते. भामाला ते पटलं असावं, कारण तिने पुन्हा विषय काढला नाही. महमूदने रोजनिशा बांधून झाल्यावर उरलेल्या कापडातून एक जास्तीची बांधली आणि भाभींसाठी म्हणून जनीच्या हातात पाठवून दिली. त्यावर चपलांचा फोटो होता. जनी उंबऱ्यात उभी, पाठमोरी, रस्त्याकडे तोंड, आणि मान किंचित वळलेली असल्यामुळे दिसणारा डावा गाल. भामा त्या वहीत रोज रात्रीची भांडी उरकली की चार ओळी लिहू लागली. जनी आज काय म्हणाली, काय खाल्लं, कुठे पडली.

३

नव्या वर्षाचे पहिले दोन महिने फार सुखाचे गेले. वडाळे तलावावर फिरायला निघालं की दहा पावलांवर कुणीतरी थांबवून विचारायचं, हीच का रोजनिशीवरची जनी? पोरीच्या झग्याचे खिसे शेंगदाणे आणि पेपरमिंटच्या गोळ्यांनी भरून जायचे. ज्यांनी कमळाकरला कधी नमस्कार केला नव्हता ते त्याला हाक मारू लागले. त्यालाही वाटायचं की आपण फोटो काढायला शिकलो ते यासाठीच.

जनीची तीट मात्र टिकत नव्हती.

सकाळी लावलेली दुपारी नसायची. फिसकटलेली, पसरलेली असती तर गोष्ट निराळी. मुलं पुसतातच. पण जनीचा गाल कोरा असायचा, लावलीच नसल्यासारखा, आणि झग्याच्या बाहीवर, हातावर, उशीवर कुठे काळं नाही. भामाने काजळात जरा तूप कमी केलं. मग तिने दुपारी पुन्हा लावायला सुरुवात केली. कमळाकर म्हणाला, घाम येतो. फेब्रुवारीत कसला घाम, असं भामा म्हणाली, पण भांडली नाही.

मार्चमध्ये कमळाकरला ताप आला म्हणून तो डॉक्टरांकडे गेला. टेबलावर शेठची रोजनिशी होती, बशीच्या फोटोची. नंबर यायला वेळ होता, म्हणून तो आपलंच काम कौतुकाने बघत बसला. फोटोत जनी बशीवर फुंकर मारत होती. ओठांचा चंबू, कपाळावर बट. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त डोळे बशीवर नव्हते. बशीच्या काठाच्या थोडे वर होते.

त्याने ते तापावर घातलं. औषध घेऊन परत जाताना तो महमूदच्या दुकानात शिरला, कारण महमूदकडेही बशीचीच प्रत होती. तिथेही तेच. मग त्याने आपल्या दुकानात जाऊन न डकवलेली एक जास्तीची प्रिंट काढली. तिच्यात जनी खाली चहात बघत होती.

ती घेऊन तो परत आला तेव्हा महमूदने दोन्ही समोर ठेवून पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण तो हिशेबी माणूस होता. चिकटवायची लई, म्हणजे खळ, वाळताना कागद ताणतो, असं त्याने समजावून सांगितलं. कापड एकीकडे खेचतं, कागद दुसरीकडे. एखाद्या केसाएवढा फरक पडतो आणि चेहऱ्यावर तो फार दिसतो.

कमळाकरला हे पटलं. न पटायला काय झालं, तो स्वतः रोज केसाएवढ्या फरकावरच पोट भरत होता.

४

पावसाळा उजाडेपर्यंत कमळाकरने निदान चाळीस प्रती पाहिल्या. तो मुद्दाम बघत नव्हता असं तो स्वतःला सांगे, पण कुणाच्याही घरी गेला की त्याची नजर आधी वही शोधायची.

शेळीच्या फोटोत जनीने शेळीवरून नजर काढली होती. मुंग्यांच्या फोटोत तिचं बोट भिंतीवर होतं आणि मान वळली होती. चिंचेच्या फोटोत ती सरळ समोर बघत होती, हसून. गिरणीत काशिराम शेठ अभिमानाने म्हणाले की रोज सकाळी वही उघडायच्या आधी मी तिला रामराम करतो, ती माझ्याकडेच बघते. पोस्टमास्तरांच्या बायकोनेही तेच सांगितलं. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण पहिल्या दिवशी फोटो कसा होता हे कुणाच्या लक्षात नव्हतं. फोटोतली मुलं बघतातच.

आणि घरात जनी कुणाकडे बघेनाशी झाली.

हे इतकं हळूहळू झालं की कधी सुरू झालं ते सांगता येत नव्हतं. पोर आजारी नव्हती. जेवत होती, झोपत होती. त्रास तर मुळीच देत नव्हती, उलट भामाच्या बहिणीने तिचं शहाणी झाली म्हणून कौतुक केलं. पण ती बसायची ती भिंतीकडे तोंड करून. हाक मारली की ओ द्यायची, वळायची नाही. खांद्याला धरून वळवली तर वळायची, डोळे मात्र माणसाच्या कानामागे कुठेतरी ठेवायची. कमळाकरने एका रविवारी कॅमेऱ्यात नवा रोल घातला आणि सबंध सकाळ तिच्यामागे हिंडला. बारा फोटो निघाले आणि बाराही पाठमोरे. तो जिथून टिपायचा त्याच्या उलट दिशेला तिचं तोंड असायचं, आणि ती कधी वळली हे त्याला आठवत नव्हतं.

त्या दिवशी डार्करूममधून बाहेर आल्यावर तो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला. त्याला भीती वाटली. मुलगी हातातून जाते आहे आणि कुठे जाते आहे ते आपल्याला ठाऊक आहे, अशी ती भीती होती. मग त्याने स्वतःला दटावलं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोळे, कान, जीभ तपासून टॉनिक लिहून दिलं. टेबलावरच्या वहीतून चहाच्या बशीमागची जनी कमळाकरकडे सरळ बघत होती.

५

ठमाबाई बेलपाड्याहून डोक्यावर मासळीची टोपली घेऊन आठवड्यातून दोनदा यायची. कधी निवट्या, कधी खुबे, कधी नुसता जवळा. ती दर वर्षी आपलं भात शेठच्या गिरणीत आणायची, त्यामुळे तिलाही एक रोजनिशी मिळाली होती. तिला अक्षर येत नव्हतं. पोरीचं तोंड बरं आहे म्हणून तिने ती देवाजवळ ठेवली होती.

श्रावण लागायच्या आधी ती ओसरीवर टोपली टेकवून बसली आणि भिंतीकडे तोंड केलेल्या जनीकडे बघत राहिली. मग तिने भामाला नाही, कमळाकरला विचारलं.

"भाऊ, फोटोतल्या पोरीला तीट का नाय लावलीत तुमी?"

कमळाकरने पेन्सिलीची गोष्ट सांगितली. सवयीने झालं म्हणाला.

"मी पयल्याच दिशी लावली," ठमाबाई म्हणाली. "चुलीवरच्या तव्याची. उघडं तोंड कसा ठेवायचा पोरीचा? माज्याकडं बरी हाय ती. मुंग्या मोजते." टोपली उचलताना ती पुढे बोलली, "पोरीला दीडशे घरान बसवलीत तुमी. आता ती एका घरान कशी ऱ्हायल?"

कमळाकर त्याच दुपारी पावसात सायकल मारत बेलपाड्याला गेला. ठमाबाईच्या देवाजवळ ओल्या अंधारात वही होती. त्याने ती दारात आणून पाहिली. गालावर तव्याच्या काळ्याचा जाडाभरडा ठिपका, आणि मान भिंतीकडे, डोळे मुंग्यांवर. त्याने टिपली होती अगदी तशी. त्याला इतकं बरं वाटलं की दारातच त्याचे डोळे भरून आले.

६

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. शेठच्या कारकुनाकडून दीडशे नावांची यादी घेतली, भामाची काजळाची डबी खिशात टाकली आणि घरोघर हिंडू लागला.

काय सांगायचं हा प्रश्न होता, पण खऱ्याइतकं सोपं दुसरं काही निघालं नाही. तीट राहिली, लावायला आलोय. बायका लगेच वही आणून द्यायच्या. पुरुष थट्टा करायचे. फोटोग्राफर असून काय हे, असं एक मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आईने त्यांना गप्प केलं. शेठनी तर आपल्या प्रतीला लावून झाल्यावर डबीत बोट बुडवून स्वतःच्या मसावरही एक टिकली ठेवली आणि आरशात बघून खो खो हसले. महमूदने आपली प्रत निमूटपणे पुढे केली.

"लईचं म्हणालो होतो मी," तो म्हणाला, "पण नजर नजर असते, यार. झुबेदाने पोराला, आमच्या अमजदला, चार तावीज बांधलेत. मी कधी सोडायला सांगितलं नाय."

काजळ लागलं म्हणून वहीवरची जनी त्याच्या डोळ्यांदेखत वळली वगैरे असं काही होत नव्हतं. पण आठवड्याने पुन्हा त्या घरी गेलं की डोळे बशीत असायचे. आणि घरी गेलं की जनी थोडी वळलेली असायची. वीस घरं झाली तेव्हा ती भिंत सोडून खिडकीकडे तोंड करून बसू लागली. सत्तर झाली तेव्हा तिने शेळीला नावाने हाक मारली. शंभराव्या घरानंतर भामाने सांगितलं की आज तीट दुपारी चारपर्यंत होती. पावसाचा तो महिना कमळाकरच्या आयुष्यातला सगळ्यात दमणुकीचा होता, आणि पुढे कुणी विचारलं असतं तर त्याने सगळ्यात आनंदाचाही तोच सांगितला असता.

शेवटचं घर गव्हाणचं, मिठागरवाले दाजी. चिखल तुडवत तिथवर जाऊन त्याने चिंचेच्या फोटोला टिकली लावली आणि यादीतलं शेवटचं नाव खोडलं. दाजींनी कोरा चहा दिला आणि मुलीच्या लग्नाचा फोटो काढायचा विषय काढला. कमळाकर म्हणाला, असा काढतो की नाव घ्याल.

तो घरी पोचला तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. जनी उंबऱ्यातून धावत आली आणि त्याच्या पायांना मिठी मारून वर बघू लागली, सरळ त्याच्या डोळ्यांत. चार महिन्यांत पहिल्यांदा. कमळाकरने तिला उचलली, गरगर फिरवली, तिच्या केसांत तोंड खुपसलं. भामा दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

सगळी ओसरीवर बसली. भामाने गूळपोहे केले. जनी बापाच्या मांडीवर बसून खात होती आणि मधूनच मान वर करून त्याच्याकडे बघत होती. आणि त्या वेळी कमळाकरची नजर कोनाड्याकडे गेली. तिथे भामाची रोजनिशी होती. यादीत नसलेली, महमूदने वरकड कापडातून बांधलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, असं मनाशी म्हणत तो हसतच उठला. डबीत एका टिकलीपुरतं काजळ अजून होतं.

त्याने वही उजेडात धरली.

उंबरा तोच होता. चपला त्याच, त्याच्या मापाच्या, लहान पायांना मोठ्या. पण चपलांचं तोंड आता आत होतं. त्यांत उभी असलेली मुलगी पुरती वळली होती. ती हसत नव्हती. एक हात थोडा वर आला होता, कडेवर घ्या म्हणताना मुलांचा येतो तसा. आणि डाव्या गालावर तीट होती.

"तू लावलीस?" त्याने भामाला विचारलं.

"छे, मी कशाला? पहिल्यापासूनच आहे ना ती?"

फोटोतली तीट कुठे गेली असं तिनेच विचारलं होतं, ते ती साफ विसरली होती. कमळाकरने बोटाने चोळून पाहिलं. काजळ असतं तर निघालं असतं. ठिपका चकाकीच्या खाली होता, कागदाच्या आत, निगेटिव्हमधूनच उतरल्यासारखा.

मग तो वळला. मांडीवरून खाली उतरलेली मुलगी ओसरीवर उभी होती. सकाळी भामाने लावलेली टिकली तिच्या गालावर नव्हती. गाल स्वच्छ होता, तुळतुळीत. ती त्याच्या हातातल्या डबीकडे बघत होती. त्याने काजळाचं बोट पुढे केलं, तेव्हा ती एक पाऊल मागे सरली.

"मला नको, बाबा," ती गोड आवाजात म्हणाली. "तिला आहे ना."

७

यानंतर सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. जनी शाळेत गेली. अक्षर वळणदार, स्वभाव मनमिळाऊ, गुरुजींची लाडकी. गोवर आला तो सुद्धा अंगावर एक डाग न ठेवता गेला. भामाला या मुलीइतकं सुख दुसऱ्या कशाने दिलं नाही, आणि कमळाकरलाही तेच म्हणावं लागतं. ती दुपारी दुकानात त्याचा डबा घेऊन येते, भिंग पुसून ठेवते, त्याला सुपारी कातरून देते. तिच्यावर त्याची माया आहे. ती खोटी आहे असं त्याला कधीच वाटलं नाही.

पेन्सिल त्याने ठेवून दिली. आता त्याच्या दुकानात माणसाचा मस असतो तिथेच राहतो, आणि गिऱ्हाइकं त्यामुळे जरा कमी झाली आहेत. खणात चपलांच्या फोटोचं निगेटिव्ह आहे आणि शेजारी टर्पेंटाइनची बाटली. कापसाचा एक बोळा फिरवला की त्याची पेन्सिल पुसली जाईल आणि खाली काय आहे ते कळेल. खाली तीट असली तर सगळं मनाचे खेळ. तो अनेकदा कापूस हातात घेऊन बसला आहे. खाली तीट नसली, ती वहीतल्या मुलीबरोबर गेली असली, तर काय करायचं, हे ठरत नाही म्हणून तो बाटली परत ठेवतो.

भामाची ती रोजनिशी आता दुकानाच्या खिडकीत असते, रस्त्याकडे तोंड करून. आत कोंडून ठेवायला त्याला बरं वाटत नाही.

आणि चपला. फोटोतल्या त्या जुन्या चपला त्याने टाकू दिल्या नाहीत. दोनदा अंगठे बदलले, टाचा झिजून कागदासारख्या झाल्या, भामा वैतागली. पायात घालत नाही, मग ठेवायच्या कशाला? त्या उंबऱ्याशी असतात. रोज सकाळी दुकानाला निघताना कमळाकर त्यांचं तोंड घराच्या आत करून ठेवतो. कुणाला यावंसं वाटलं तर वाट चुकू नये. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्यांचं तोंड बाहेर असतं. झाडताना गुणाबाई फिरवत असेल, असं तो पुष्कळ दिवस धरून चालला होता. गुणाबाई मोलकरीण, तिला काय ठाऊक.

मागच्या आठवड्यात तो दुपारीच घरी आला. भामा विहिरीवर गेली होती. जनी उंबऱ्याशी वाकली होती. आता दहा वर्षांची आहे ती. तिने एक चप्पल उचलली, बाहेरच्या दिशेला फिरवली, मग दुसरी, आणि दोन्ही शेजारी नीट जुळवून ठेवल्या. ती हे बऱ्याच दिवसांच्या सवयीने करत होती, अगदी मायेने. मग तिची नजर वर आली.

ती सरळ त्याच्याकडे बघून हसली, गावातल्या दीडशे घरांना माहीत होतं तसं.

"चहा ठेवू का, बाबा?"

कमळाकरने चपलांकडे पाहिलं, तिच्या गालाकडे पाहिलं. त्याला फार दमल्यासारखं वाटलं, आणि घरी आल्यासारखंही.

"ठेव," तो म्हणाला.

चहा तिने छान केला होता. आलं घालून, त्याला आवडतो तसा.